पुढारी काय कमी आहेत का?

मोंढ्यात त्या दिवशी तुरीची आवक होती. पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत मी आडतीवर पोहोचले, तेव्हा शेटजी पट्ट्या लिहीत बसले होते. मान वर न करताच त्यांनी पोराला चहा सांगितला. परभणीत तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवलं की एवढा मान मिळतो. चहाला कुणी नाही म्हणत नाही.

मी देणगीसाठीचं पत्रक पुढे केलं. शेटजींनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, 'नेतृत्व विकास' हे दोन शब्द पुटपुटत वाचले आणि विचारलं, "म्हणजे पुढारी तयार करायलाव का तुम्ही?"

"पुढारी असं नाही, पण…"

"बाई, पुढारी काय कमी हायेत का आपल्याकडं? उलट दहा-वीस कमी करायची स्कीम आणा. पहिली पावती माझी फाडा."

मापाडी हसला, हमाल हसले, मीही हसले. चहा संपवून निघाले. पावती पुस्तक पिशवीतून बाहेरही आलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी मनात उत्तर जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं, कारण शेटजींचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे पुढारी म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते पांढरे कपडे, मोठी गाडी आणि चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. फ्लेक्सच्या तळाला 'शुभेच्छुक' म्हणून पासपोर्टच्या आकाराचे पंचवीस चेहरे. त्या पंचवीसांत एखादी बाई असलीच, तर तिच्या शेजारी तिच्या नवऱ्याचा फोटो तिच्यापेक्षा मोठा असतो.

आमच्या संस्थेला करायचं होतं ते अगदीच बिनफ्लेक्सचं काम. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून तीस जण निवडायचे, निम्म्याहून जास्त बाया. वर्षभरात चार-चार दिवसांची सहा निवासी शिबिरं. मधल्या काळात प्रत्येकाने आपापल्या गावात एक काम हाती घ्यायचं. ग्रामसभेचं इतिवृत्त मागून घ्यायचं आणि ते खरंच वाचायचं. रोजगार हमीचा नमुना ४ भरून कामाची मागणी करायची आणि तारखेसकट पोच घ्यायची. ग्रामसभेआधी महिलांची सभा झाली पाहिजे हा नियम आहे, तो एकदा तरी खरा करून दाखवायचा. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. हे गावच्या कारभाऱ्यांना माहीत नसतं असं नाही. माहीत असतं म्हणून तर सह्यांची वही नंतर घरोघर फिरते.

रोजगार हमी ही तर मराठवाड्याला बाहेरून कुणी येऊन शिकवायची गोष्टच नव्हे. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेल्या म्हाताऱ्या अजून गावोगाव आहेत. त्याच हमीचा १९७७ साली कायदा झाला. आजीच्या तळहाताला खडीचे घट्टे आणि नातीला मात्र पत्ता नाही की काम मागणं हा आपला हक्क आहे. हे अंतर भरायला वर्षाला सहा लाख वीस हजार रुपये लागणार होते. हा आकडा माझाच. गणिताची शिक्षिका म्हणून कोषाध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं होतं.

अंदाजपत्रकात जेवण होतं, राहणं होतं, एका समन्वयकाचा पगार होता आणि प्रवास होता. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आम्हाला आयता फायदा मिळाला. देणगीदारांच्या यादीत एसटी महामंडळाचं नाव लिहा, असं मी बैठकीत म्हटलं तेव्हा सगळे हसले. मी गंभीरपणे बोलत होते.

आणखी एक ओळ होती, 'लेकरं सांभाळायला दोन बाया'. जो तो याच ओळीवर बोट ठेवायचा. हे कशाला? अहो, बाई चार दिवस शिबिराला आली तर तिचं तान्हं कुठं राहील? "घरी सासू असेल ना," एक देणगीदार म्हणाले. सासू वावरात कापूस वेचत असते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारी मी तरी कोण? कापसाच्या दिवसांत दुसरं शिबिर मीच ठेवलं होतं. तिसांपैकी अकरा जण आले. एका दिवसाच्या वेचणीचे पैसे बुडवून 'नेतृत्वाचे गुण' ऐकायला कोण येईल? बीडकडची तर आणखी निराळी तऱ्हा. दसरा झाला की टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातली बाई शिबिराला आली की कोयता अर्धा होतो. मुकादमाची उचल काही अर्धी होत नाही. हे कळल्यावर आम्ही आमचं कॅलेंडर फाडलं आणि ऊसतोडीतल्या तिघींसाठी पावसाळ्यात वेगळे दिवस काढले. खर्च वाढला. तो कुठल्याच पत्रकात शोभून दिसत नव्हता.

"कंपन्यांकडे जा," असं ज्याला त्याला वाटायचं. गेले. जाण्याआधी अभ्यास करून गेले, मास्तरणीची सवय. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यांतलं एक जरी असलं तरी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, यालाच सीएसआर म्हणतात. १ एप्रिल २०१४पासून हे लागू आहे. पण त्याच कलमात असंही म्हटलंय की कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं. वाचताना हे वाक्य किती न्याय्य वाटतं! आता नकाशा पसरा. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, सगळं संभाजीनगरच्या भोवती. जालन्यात स्टील आहे. हिंगोलीच्या भोवती काय आहे? हळद आहे. वसमतची हळद नामांकित आहे, पण हळदीला सीएसआर नसतो. जिथे कारखाने नाहीत तिथे त्यांचे २ टक्केही नाहीत. धाराशिवला २०१८ साली केंद्राच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत घातलं खरं, पण आकांक्षेला दोन टक्के कोण देणार?

एका कंपनीतला मुलगा फार सभ्य होता. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा. त्याने विचारलं, "मॅडम, बेनिफिशियरी किती?"

"तीस."

"तीस हजार?"

"तीस."

त्याने कॅल्क्युलेटर काढला. एका माणसामागे वीस हजारांच्या वर खर्च. "याच पैशात पाचशे मुलांना दप्तरं देता येतील, मॅडम. फोटोही चांगला येतो." भागाकार त्याचा बरोबर होता, मी मनातल्या मनात तपासला. काय कशाने भागायचं, तेवढंच चुकलं होतं. पुढे तो म्हणाला की समन्वयकाचा पगार प्रशासकीय खर्चात जातो आणि त्याला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. मी म्हटलं, बाळा, प्रकल्प राबवण्यावर थेट होणारा खर्च त्या पाच टक्क्यांत धरत नाहीत, नियमातच तसं लिहिलंय. तो हसला आणि म्हणाला, "हो, पण आमची इंटर्नल पॉलिसी." मी दप्तरांना शुभेच्छा देऊन बाहेर आले.

मग एक बांधकामवाले भेटले. ते खरंच द्यायला तयार होते, आमच्या अंदाजपत्रकाच्या जवळपास जाईल एवढं. अट एकच, सभागृह बांधा. "बाई, तुम्ही माणसं घडवा की, मी नाही कुठं म्हणतो? पण पाटी कुठं लावायची?" यावरून मंडळात मोठं भांडण झालं. दोन बैठका त्यातच गेल्या. सभागृह बांधलं की त्याची वीज, त्याची झाडलोट, त्याची दुरुस्ती आणि शेवटी लग्नाला भाड्याने देणं, हे सगळं ओघाने आलंच. तरुण पोरं नको म्हणाली. खरं सांगायचं तर मी 'घ्या' म्हणाले होते. पाच महिने रिकाम्या हाताने फिरलं की विटासुद्धा गोड लागतात. शेवटी आमची चर्चा संपेपर्यंत त्यांनी तो पैसा एका देवळाच्या मंडपाला दिला. तिथे पाटी आहे. मी जाऊन पाहिली. अक्षर सुबक आहे.

या पाटीच्या प्रकरणाने मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नोकरीत नवी होते. शिक्षकांच्या तुकडीबरोबर गेले होते, नंतरही दोन-तीनदा गेले. तेव्हा पैसा कुठून कुठून आला त्याला गणती नव्हती. वसाहती उभ्या राहिल्या, कुणी कुठलं गाव बांधून दिलं त्याच्या पाट्या लागल्या. पण त्याच पुनर्बांधणीत गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं, गाव आणि सरकार यांच्यामध्ये. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाचं ते काम. डोक्यावरचा पदर न ढळू देता, भूकंपात टिकावी म्हणून भिंतीत पट्टा कुठं आणि कसा घालायचा हे इंजिनिअरला विचारणाऱ्या बाया मी तिथे पाहिल्या. त्याच वर्षी २४ एप्रिलला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली होती. पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ साली महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. खुर्ची कायद्याने दिली. खुर्चीवर बसून बोलायचं कसं, हे कायद्यात लिहिलेलं नसतं. त्या भिंत विचारणाऱ्या बायांवर कुणाची पाटी नाही, म्हणून त्यांच्यावर खर्च झालेला पैसा कुणाला दिसतही नाही.

आणखी मागे गेलं तर हिप्परगा आहे. लोहारा तालुक्यातलं गाव. १९२१ साली तिथे राष्ट्रीय शाळा निघाली, निजामाच्या राज्यात. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते आणि १९३५मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. या शाळांच्या बाकांवरून मुक्तिसंग्रामाला कार्यकर्ते मिळाले. दर १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, भाषणांत नेत्यांची नावं घेतो. मला आता कोषाध्यक्षाचा रोग लागलाय, म्हणून मी भाषण ऐकताना वेगळाच विचार करते. त्या पोरांच्या जेवणाचं कुणी बघितलं असेल? कुणाच्या घरची ज्वारी होती? साताऱ्याकडे कर्मवीर भाऊरावांनी वसतिगृहासाठी घराघरांतून मूठ-मूठ धान्य घेतलं, तो मुष्टिफंड आम्ही पोरांना शिकवलाय. आमच्या इकडच्या मुठींची गोष्ट मला तरी कुठे वाचायला मिळाली नाही.

गावात पैसा नाही असं म्हणणाऱ्याने एकदा सप्ताह बघावा. पहाटे काकडा, दिवसभर पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि रोजची पंगत. वर्गणी घरटी ठरलेली, कुठे कुठे एकराप्रमाणे. भाकरी घराघरांतून टोपल्यांनी येतात. काल्याच्या दिवशी माईकवरून पुकारा होतो, अमक्याकडून साखर, तमक्याकडून तेलाचे डबे, मुंबईला असलेल्या फलाण्याकडून मंडप. गेल्या वर्षी माझ्या माहेरच्या गावात सप्ताहाला बसले असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. इथे कुणी 'आध्यात्मिक विकास कार्यक्रमासाठी' पैसे मागत नाही. साखर मागतात, तेल मागतात. देणाऱ्याला आपली साखर दिसते, तिचा पुकारा होतो, आणि आठव्या दिवशी देवळाच्या फळ्यावर हिशेब लागतो. हे कळायला मला आठ महिने लागले. गावातल्या कुठल्याही टाळकऱ्याने आठ मिनिटांत सांगितलं असतं.

मग पत्रकावरचे ते दोन शब्द आम्ही काढून टाकले. 'औशाच्या शिबिरातलं एक दिवसाचं जेवण', 'दोन बायांचं येण्याजाण्याचं तिकीट', 'लेकरांना चार दिवस दूध', असं लिहिलं. त्याने चमत्कार झाला, असं मी म्हणणार नाही. थोडा फरक पडला. दूध सगळ्यात आधी संपलं, म्हणजे त्याला देणगीदार लगेच मिळाले. समन्वयकाचा पगार शेवटपर्यंत कुणी घेतला नाही. पगाराला नैवेद्यासारखं ताटात मांडता येत नाही.

मध्येच एक गुप्तदानाचं प्रकरण झालं. एका सकाळी दाराच्या कडीला पाकीट अडकवलेलं, आत पाचशेच्या वीस नोटा आणि चिठ्ठी, 'नाव नको'. आपल्याकडे याहून मोठं दान नाही. पण आयकराला नाव लागतं. धर्मादाय संस्थेकडे निनावी देणग्या ठरावीक मर्यादेच्या वर गेल्या की त्यावर ३० टक्के कर बसतो. निव्वळ धार्मिक न्यासाला तो बसत नाही. म्हणजे देवाच्या पेटीत नाव न सांगता टाकता येतं, माणसांच्या पेटीत टाकायचं तर आधी पॅन नंबर. आमची रक्कम मर्यादेच्या पुष्कळ आत होती, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. गल्लीतल्या प्रत्येकाकडे मी आठवडाभर संशयाने बघत होते, की देणारा हाच असावा.

तिसऱ्या शिबिरात आम्ही तीस पावती पुस्तकं वाटली, पन्नास पावत्यांचं एकेक. तुमच्या शिबिराचा काही भाग तुम्ही उभा करा. खोलीत शांतता पसरली. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आम्ही गरिबांच्या घरी जाऊन मागायचं का?" एक जण म्हणाली, "माहेरी मागायची लाज वाटते, सासरी तोंड उघडायची सोय नाही. मंग मागायचं तरी कुठं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही मोंढ्यात पिशवीतून पुस्तक न काढता परत आलेली बाई.

पुढच्या शिबिराला पुस्तकं परत आली ती वाचण्यासारखी होती. पोरांची पुस्तकं लवकर भरलेली, रकमा मोठ्या, नावं मित्रांची आणि त्यातली निम्मी कुठल्या ना कुठल्या पक्षाची. बायांची पुस्तकं अकरा, एकवीस, एकावन्न रुपयांनी भरलेली. सहा पुस्तकं कोरीच आली. त्यावर आम्ही चकार शब्द काढला नाही. नांदेडकडच्या एकीने सांगितलं, वरच्या आळीत एका घरी पैसे हातात दिले नाहीत, ओट्याच्या कडेला ठेवले. तिने ते उचलले, पावती फाडली, तीही तशीच ओट्यावर ठेवली आणि उडू नये म्हणून वर दगड ठेवला. हे सांगून ती पुढच्या पावतीचं सांगायला लागली.

तीस पुस्तकांतून आले शहाण्णव हजार. बाकीचे कसे जमले ते सांगण्यात फार रस नाही. माझ्या निवृत्त मैत्रिणींनी दिले, पुण्यात आयटीत असलेल्या एका जुन्या विद्यार्थिनीने दर महिन्याला दिले, वकील आणि डॉक्टरांकडे आम्ही खेटे घातले. समन्वयकाचे दोन महिन्यांचे पगार उशिरा झाले. त्याने कधी तोंडातून काढलं नाही. त्याच्या बायकोने काढलं, आणि तिचं बरोबर होतं.

औसा तालुक्यातल्या एकीचं पुस्तक मी अजून फायलीतून काढून बघते. पावती क्रमांक २३ तिच्या सासऱ्याच्या नावाची, एकशे एक रुपये. त्यावर तिरपं 'रद्द', दोन्ही प्रतींवर. झालं असं होतं की ग्रामसभेत तिने उठून नळ योजनेचा खर्च वाचून दाखवा म्हटलं. संध्याकाळी पारावर कोणीतरी म्हाताऱ्याला गाठून म्हणालं, सून लई बोलायली तुमची. घरी येऊन त्याने एकशे एक परत मागितले. तिने दिले, आणि आम्ही शिकवल्याप्रमाणे दोन्ही प्रती जोडून 'रद्द' लिहिलं. वेळ अमावास्येला सगळं घर वावरात जेवायला गेलं, तेव्हाही सासरा तिच्याशी बोलला नाही म्हणे. त्याच पुस्तकातली शेवटची पावती क्रमांक ३७. नाव तेच. रकमेच्या जागी लिहिलंय, 'ज्वारी, दोन पायल्या'. रास झाल्यावर त्याने स्वतः पिशवीत भरून दिली. काही बोलला का, असं मी विचारलं. "न्हाई. पिशवी परत आण म्हणले."

आता ज्वारी हिशेबात धरायची तर किंमत लावावी लागते. मी शेटजींना फोन केला. आजचा भाव काय?

"मालदांडी का हायब्रीड? विकायचीय का?"

"विकायची नाही, लिहायचीय. देणगी आहे. दोन पायल्या."

"पायली कुठली बाई? औशाकडची का आपल्याकडची? दोन्ही एक न्हाईत." मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "कुणी दिली?"

मी सांगितलं. तेवीस नंबरपासून सगळं सांगितलं. पलीकडे मापाड्याचा आवाज येत होता, शेटजींचा नाही.

"अंदाजे लिहू नका," ते शेवटी म्हणाले. "पोरगं पाठवतो काटा घेऊन."

ज्वारी सात किलो दोनशे भरली. तेवढीच लिहिली. शेटजींच्या नावाची पावती अजून फाटलेली नाही. काट्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. ते देणगीत धरायचे की नाही, हे ऑडिटरला विचारायचं राहिलंय.